शब्दसंस्करण आज्ञावली : घरगुती आवृत्ती आणि पूर्ण किमतीची आवृत्ती

प्रकल्प टंकलिखित करून सादर करावयाचा म्हटले की वर्डसारखी शब्दसंस्करण आज्ञावली घ्यावी लागते, आणि दुकानात गेल्यावर एकाच वर्डच्या दोन-तीन किमती समोर येतात. एक आवृत्ती ‘घरगुती’ म्हणून स्वस्त, दुसरी ‘व्यावसायिक’ म्हणून महाग. स्वस्त वस्तूत काही तरी उणे असणारच, अशी आपली बाजारातील समजूत असते. या व्यवहारात मात्र ती बहुधा दिशाभूल करते.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१० या संचाचे उदाहरण घेऊ. त्याच्या ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्तीत वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि वननोट होते. ‘होम अँड बिझनेस’मध्ये त्यांच्या जोडीला ईमेलसाठी आउटलुक आले. ‘प्रोफेशनल’मध्ये ॲक्सेस व पब्लिशर यांची भर पडली. अमेरिकेत जाहीर झालेल्या त्यांच्या किमती अनुक्रमे १४९.९९, २७९.९९ आणि ४९९.९९ डॉलर होत्या. सुटे वर्ड घेतल्यास १३९.९९ डॉलर पडत. म्हणजे एकट्या वर्डपेक्षा दहाच डॉलर अधिक मोजणाऱ्या घरगुती ग्राहकास चार आज्ञावल्या मिळत, आणि त्या एकाच घरातील तीन संगणकांवर वापरता येत!

मग स्वस्त संचातील वर्ड कमी दर्जाचे होते काय? तुमच्या कामाच्या दृष्टीने नाही. तळटीपा, आपोआप तयार होणारी अनुक्रमणिका, मार्गदर्शकाने सुचविलेल्या दुरुस्त्यांची नोंद या सर्व सोयी त्यात होत्या. देवनागरीचा तर आवृत्तीशी संबंधच नाही. युनिकोड मराठीचा कळफलक आणि मंगलसारखा टंक विंडोज या संगणकप्रणालीतच असतो. माझ्या एका विद्यार्थ्याने ‘स्वस्तातल्या संचात मराठी उमटत नाही’ या दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबून सर्वांत महाग संच घेतला होता. पुस्तकांसाठी साठविलेले पैसे त्यात गेले, आणि त्यातील ॲक्सेस त्याने कधी उघडलेही नाही.

खरी काटछाट झालेली आवृत्ती वेगळीच होती. नव्या संगणकासोबत विनामूल्य येणाऱ्या ‘स्टार्टर’ आवृत्तीत फक्त वर्ड व एक्सेल असत आणि पडद्याच्या कडेला जाहिराती दिसत. तळटीपा व अनुक्रमणिका यांची सोय त्यातून वगळलेली होती. पत्र लिहिण्यास ती पुरे, प्रबंधास नव्हे.

वस्तू तीच असताना किमती निराळ्या का? स्वयंपाकाच्या गॅसचे उदाहरण पाहा. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा आणि हॉटेलात वापरला जाणारा व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा. दर निराळे, पण आत गॅसच. तेथे दरातील फरकामागे शासनाचे धोरण असते, येथे तो विक्रेत्याचा स्वतःचा निर्णय असतो. आज्ञावलीची पहिली प्रत तयार करण्यास अफाट खर्च येतो, त्यानंतरच्या प्रतीस जवळजवळ काहीच नाही. म्हणून ज्याची जेवढी ऐपत आणि गरज, त्याच्याकडून तेवढे घ्यावे, असा विक्रेत्याचा हिशेब असतो. अर्थशास्त्रात यास मूल्यभेद म्हणतात.

हा भेद टिकविण्याचे काम परवान्याची भाषा करते. ‘मी वर्ड विकत घेतले’ हे आपले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी व्यवहारात खरे नसते. आपण वस्तू घेत नाही, ती ठरावीक अटींवर वापरण्याची मुभा घेतो. (परवाना हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि आज्ञावलीच्या व्यवहारास तो ‘खरेदी’पेक्षा नेमका लागू पडतो.) ‘होम अँड स्टुडंट’चा परवाना व्यापारी, ना-नफा किंवा उत्पन्न मिळवून देणाऱ्या व्यवसायाच्या कामास वापर करू देत नसे. ‘ना-नफा’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. समजा, तुम्ही रात्री स्वतःचा प्रकल्प लिहिता, दिवसा पानामागे पैसे घेऊन गावकऱ्यांचे अर्ज टंकित करता आणि रविवारी वाचनालयाच्या पत्रव्यवहाराचे काम फुकट करता. यांपैकी फक्त पहिले काम त्या परवान्यात बसे. आवृत्तीच्या नावात ‘स्टुडंट’ असल्यामुळे ‘मी विद्यार्थी, म्हणून माझे सर्वच काम चालेल’ असा अर्थ अनेकांनी काढला. परवाना मात्र व्यक्ती कोण यापेक्षा काम कोणते हे पाहत होता.

आजही विभागणी साधारण तशीच आहे. ऑफिस २०२४ मध्ये ‘होम’ आणि ‘होम अँड बिझनेस’ अशा आवृत्त्या एकरकमी मिळतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी ‘पर्सनल’मध्ये एका व्यक्तीसाठी, तर ‘फॅमिली’मध्ये सहा जणांपर्यंत असते. महाजालावर चालणारे मर्यादित सोयींचे वर्ड केवळ खाते उघडून विनामूल्य वापरता येते.

मात्र टंकलेखन हेच तुमच्या चरितार्थाचे साधन असेल, तर लिबरऑफिसचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळ्या झालेल्या या संचास घरगुती-व्यावसायिक असा भेदच ठाऊक नाही. तो विनामूल्य आहे आणि त्यावर कमाई करण्यास आडकाठी नाही. अडचण एकच : त्यात केलेली धारिका वर्डमध्ये उघडल्यास तक्ते व पानांची मांडणी कधी कधी सरकते. तेव्हा अभ्यासकेंद्राकडे प्रकल्प पाठविताना तो पीडीएफ स्वरूपात पाठवा, आणि मूळ धारिका स्वतःजवळ ठेवा.