चर्चला जाणं आणि चर्चचं होणं

अमेरिकेतल्या अनेक गावांत रस्त्याच्या कडेला एक पाटी दिसते. पांढऱ्या ढालीवर लाल क्रूस आणि खाली ‘एपिस्कोपल चर्च तुमचं स्वागत करतं’ अशा अर्थाची एक ओळ. या स्वागताबद्दल नवख्या माणसाच्या मनात दोन उलट टोकांचे गैरसमज असतात. एकाला वाटतं, आत पाऊल टाकलं की धर्मांतराचा आग्रह सुरू होईल. दुसऱ्याला वाटतं, इथे सगळ्यांनाच मोकळीक आहे, तेव्हा सभासद होण्याला काही अर्थच नसावा. दोन्ही समज एकाच चुकीतून येतात. चर्चला जाणं आणि त्या चर्चचं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एपिस्कोपल परंपरेने त्या जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिलीला अट नाही. दुसरीला आहे, पण ती जन्माची, पैशाची किंवा ज्ञानाची नाही.

नावापासूनच गोंधळ होतो. ‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशपांच्या देखरेखीखाली चालणारं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा. उपासनेतला धूप, झगे, वेदी पाहून अनेकांना हे रोमन कॅथलिक चर्चच वाटतं. पण इथे पोपची सत्ता चालत नाही, धर्मगुरू लग्न करू शकतात आणि १९७६ पासून स्त्रियांना धर्मगुरू होण्याची अधिकृत मुभा आहे. २००६ मध्ये तर कॅथरीन जेफर्ट्स शोरी या संपूर्ण चर्चच्या प्रमुख बिशप झाल्या. ‘आठव्या हेन्रीने घटस्फोटासाठी काढलेलं चर्च’ हे वाक्यही अर्धवट आहे. हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी संबंध तोडले हे खरं, पण अमेरिकेतलं हे चर्च स्वातंत्र्ययुद्धानंतर उभं राहिलं, तेही इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणं अशक्य झाल्यामुळे. त्याच अडचणीमुळे पहिले अमेरिकन बिशप सॅम्युएल सीबरी यांचा अभिषेक १७८४ मध्ये इंग्लंडमध्ये होऊ शकला नाही, तो स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन इथे झाला. आज हे चर्च जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी नातं सांगणाऱ्या, कुटुंबात आहे. पण इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांना इथे मान आहे, हुकूम चालवण्याचा अधिकार नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याची खरी धास्ती वेगळीच असते: कधी उठायचं, कधी बसायचं, काय म्हणायचं? बाकावर प्रार्थनापुस्तक आणि गीतांचं पुस्तक ठेवलेलं असतं. सध्याचं प्रार्थनापुस्तक १९७९ चं आहे. बहुतेक ठिकाणी त्या दिवसाच्या उपासनेचा छापील क्रमही दारातच हातात देतात. बाकीचे उभे राहिले, गुडघे टेकले, तरी पाहुणा बसून राहिला तर कुणी हरकत घेत नाही. मधेच सगळे एकमेकांना शांतीच्या शुभेच्छा देत हात मिळवतात, तेव्हा तुम्हीही हात पुढे करावा. नमस्कार केला तरी चालतो. दानाचं तबक पुढे येतं तेव्हा पाहुण्याने त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. सभासद वर्षभरात किती देणार हे बहुधा आगाऊ कळवतात, पण तो आकडा ज्याचा त्याने ठरवायचा असतो.

उपासनेनंतर हॉलमध्ये कॉफी असते. मराठी वाचकाला इथे १८९० सालची पुण्याची गोष्ट आठवावी. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली, गोपाळराव जोशांनी जमलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. ते मिशन चालवणारा अँग्लिकन साधुसंघ, कौली फादर्स, आजही मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये एपिस्कोपल चर्चचा मठ म्हणून नांदतो आहे. त्या वादाच्या मुळाशी होतं ते हेच, की एखाद्याच्या घरचा घोट घेणं म्हणजे त्याचा धर्म घेणं. एपिस्कोपल शिस्त नेमकी याच्या विरुद्ध आहे. कॉफीने कुणी सभासद होत नाही; वर्षभर दर रविवारी आलं तरी होत नाही. नाव-पत्ता लिहायचं कार्ड समोर येईल, ते कोरं ठेवलं तरी चालतं. हे निमंत्रण प्रचाराचाच भाग नाही का, अशी शंका कुणी घेईल. आपल्या श्रद्धेत इतरांनी यावं असं या चर्चला वाटतं, हे लपवण्याचं कारण नाही. पण इच्छा असणं आणि गळ घालणं यात अंतर आहे. प्रौढाचा बाप्तिस्मा इथे तयारीनंतर, भर मंडळीसमोर, प्रश्न विचारून आणि त्याच्या स्वतःच्या तोंडून उत्तरं घेऊन होतो. नकळत किंवा घाईने होऊन जाईल अशी ती गोष्टच नाही.

सगळ्यात नाजूक प्रश्न प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा. चर्चच्या नियमानुसार बाप्तिस्मा झालेल्यांनाच ते घेता येतं. मग तो बाप्तिस्मा कुठल्याही पंथात, पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असो. ज्यांचा झालेला नाही त्यांनी जागेवर बसावं किंवा पुढे जाऊन छातीवर हातांची फुली करावी. धर्मगुरू आशीर्वाद देतात. दाखला कुणी मागत नाही. दारू न घेणाऱ्याने नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण मानलं जातं. यावर रास्त आक्षेप येतो, आणि तो महाराष्ट्रात अधिक बोचतो: सगळ्यांचं स्वागत म्हणता, मग पंक्तिभेद कसा? पंक्तिभेदाचं दुःख ज्या समाजाने भोगलं आहे, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझं उत्तर असं, की पंक्तिभेद जन्मावर होता आणि तो ओलांडायला वाटच नव्हती. इथली अट एका वचनाची आहे आणि ते वचन कुणालाही देता येतं. अर्थ समजण्याआधीच एखाद्याला त्या वचनात ओढणं हा त्याच्यावरच अन्याय ठरेल. तरीही काही पॅरिशेस, म्हणजे स्थानिक मंडळ्या, नियम बाजूला ठेवून सर्वांना वेदीपाशी बोलावतात आणि या मुद्द्यावर चर्चच्या आत प्रामाणिक मतभेद आहेत. वसईच्या कॅथलिक माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: एपिस्कोपल चर्च त्याला प्रभुभोजन देईल, पण त्याच्या स्वतःच्या चर्चचा नियम त्याला ते तिथे घेऊ देत नाही.

सभासदत्वाचा पायाही बाप्तिस्माच आहे. तो एकदा झाला की पुन्हा करत नाहीत. आधी कुठे झालेला असेल तर नोंद करायची. बिशपांच्या हस्ते दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वचनाला स्वतः दिलेला दुजोरा, झालेलं नसेल तर ते करायचं. ते दुसऱ्या चर्चमध्ये झालेलं असेल तर बिशप त्या व्यक्तीचा स्वीकार करतात. वर्षातून निदान तीनदा प्रभुभोजन घेणारा नियमित सभासद गणला जातो. महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांना तर हे घर परकं नाहीच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेलं उत्तर भारताचं चर्च, ज्यात अहमदनगर, पुणे, नाशिककडच्या कितीतरी मंडळ्या आहेत, एपिस्कोपल चर्चशी पूर्ण सहभागितेत आहे. आपल्या पाळकांचं पत्र घेऊन गेलं की काम सोपं होतं. फरकही माहीत असावा: २००३ मध्ये एपिस्कोपल चर्चमध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या बिशपांची निवड झाली, २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली आणि या मतभेदांतून बाहेर पडलेल्या मंडळ्यांनी २००९ मध्ये वेगळं चर्च उभारलं.

‘हे श्रीमंत गोऱ्यांचं चर्च’ ही समजूत निराधार नाही. वॉशिंग्टन, फ्रँकलिन रूझवेल्ट, थोरले बुश हे राष्ट्राध्यक्ष याच चर्चचे. पण त्याच चर्चमध्ये, १७९४ साली, गुलामगिरीतून सुटलेल्या अ‍ॅब्सलम जोन्स यांची फिलाडेल्फियातली कृष्णवर्णीय मंडळीही दाखल झाली आणि पुढे जोन्स या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले. त्यांच्या मंडळीला धर्मप्रांताच्या सभेत मताचा हक्क मात्र कित्येक दशकं नाकारला गेला. आज वंश, वर्ण किंवा राष्ट्रीयत्व यांवरून उपासनेत वा कारभारात भेद करायला चर्चच्या नियमांत बंदी आहे आणि हैतीतली हजारो कुटुंबं याच चर्चची आहेत. कारभार एकट्या धर्मगुरूच्या हाती नसतो. सभासद वार्षिक सभेत व्हेस्ट्री, म्हणजे पॅरिशची कारभारी समिती, निवडतात आणि पॅरिशचा मुख्य धर्मगुरू निवडण्यातही व्हेस्ट्रीचाच वाटा मोठा असतो. कालचा पाहुणा सभासद झाल्यावर त्या सभेत मत देतो, हा त्या पाटीवरच्या स्वागताचा कमी बोलला जाणारा अर्थ आहे.

शंका घेणाऱ्याला जागा आहे का, असा प्रश्न उरतो. उपासनेत नायसियाचा विश्वासांगीकार मोठ्याने म्हटला जातो. तो गाळलेला नाही, सौम्यही केलेला नाही. ज्याला एखादं कलम पटत नाही त्याने तिथे गप्प राहावं आणि विचारावं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला अँग्लिकन परंपरेत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तिथल्या साध्वी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत पत्रांतून कडाडून वाद घातला. तरीही बोस्टनला त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेसाठी जी समिती उभी राहिली, तिच्या उपाध्यक्षांत तिथल्या एपिस्कोपल ट्रिनिटी चर्चचे फिलिप्स ब्रुक्स होते. तेव्हा शेजाऱ्याने बोलावलं असेल तर जा, मागच्या बाकावर बसा आणि जे समजलं नाही ते कॉफीच्या वेळी धर्मगुरूंना थेट विचारा.