इंजिनाचा काटा आणि थर्मोस्टॅट

चिंताकीहून रुग्णाला घेऊन बीदरकडे निघालेली जीप भर उन्हात वाटेतच तापून उभी राहिली, तर जिवावर बेतू शकते. अशा वेळी चालक रेडिएटरला बोल लावतो. पुष्कळदा खरा दोष थर्मोस्टॅटचा असतो.

इंजिन व रेडिएटर यांच्यामधील पाण्याच्या वाटेवरची, मेणावर चालणारी ही झडप होय. अनेक वाहनांत सुमारे ८२ अंश सेल्सिअसला मेण वितळून फुगते व झडप उघडू लागते. ती मिटलेलीच अडकली तर इंजिन तापते. उघडी राहिली तर काटा खालीच रेंगाळतो व इंधन अधिक जळते. काटा हेलकावे घेत असल्यास मात्र प्रथम पाण्याची पातळी पाहावी.

काही कारागीर थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हा उपाय नव्हे. कित्येक इंजिनांत मग गरम पाणी रेडिएटर टाळून आडवाटेने परत फिरते.

गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. इंजिन निवल्यावर पाणी काढून थर्मोस्टॅट सोडवावा व पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने टांगून तापवावा. बीदरच्या पठारावर पाणी १०० अंशांच्या किंचित आधीच उकळते. त्या उकळत्या पाण्यातही झडप न उघडल्यास ती निकामी समजावी. नवा थर्मोस्टॅट बसविताना मेणाच्या डबीची बाजू इंजिनाकडे ठेवावी, गास्केटही नवे घालावे. मग शीतक भरून, झाकण न लावता थंड इंजिन सुरू करावे आणि वरची रबरी नळी गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत ते चालू ठेवावे.