विश्लेषण : शहरात रोजच्या वापरासाठी मालवाहू ई-सायकल कितपत उपयोगी? खरेदीपूर्वी काय तपासावे?

किराणा दुकानातून चार इमारती पलीकडे सामान पोहोचवायचे असते. मुलाला शाळेत सोडून येताना मंडईतून भाजी आणायची असते. दुपारी दहा-बारा जणांचे डबे वेगवेगळ्या कार्यालयांत द्यायचे असतात. ही सगळी कामे काही किलोमीटरच्या आतली, पण रोजची. त्यासाठी स्कूटर वापरली तर पेट्रोलचा खर्च वाढतो आणि साध्या सायकलवर ओझे ओढताना दमछाक होते. या दोन्हींच्या मधला पर्याय म्हणून मालवाहू ई-सायकलकडे पाहिले जात आहे. जाहिरातीत मात्र ‘एका चार्जमध्ये किती किलोमीटर’ हाच आकडा सर्वात ठळक असतो. रोजच्या वापरात ही सायकल टिकणार की कोपऱ्यात पडून राहणार, हे त्या आकड्यावर ठरत नाही. ते ठरते भार, चढ, ब्रेक आणि रात्री ती कुठे उभी राहणार यावर.

मालवाहू ई-सायकल म्हणजे नेमके काय?

सायकलवरून माल नेणे आपल्याकडे नवीन नाही. दुधाचे कॅन, पावाची पेटी, गॅस सिलिंडर आणि मुंबईतले जेवणाचे डबे काळ्या दणकट सायकलवरून वर्षानुवर्षे जात आले आहेत. मालवाहू ई-सायकलमध्ये याच कामासाठी सांगाडा वेगळा बनवलेला असतो आणि पॅडलला मोटरची जोड असते.

तिचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिल्यात मागचा भाग लांब असतो आणि तिथे मोठे कॅरिअर बसवलेले असते. दुसऱ्यात चालकाच्या पुढे, हँडल आणि पुढच्या चाकाच्या मध्ये सामानाची पेटी असते. डेन्मार्कमध्ये १९२० च्या दशकात आलेली ‘लाँग जॉन’ ही या रचनेची जुनी ओळख. तिसरा प्रकार तीनचाकी. कोपनहेगनच्या ख्रिश्चानिया वस्तीत १९८४ मध्ये तयार झालेली पुढे पेटी असलेली तीनचाकी सायकल पुढे तिथल्या कुटुंबांचे नेहमीचे वाहन बनली.

भारतीय शहरांत पहिला प्रकार अधिक सोयीचा ठरतो. त्याची रुंदी साध्या सायकलएवढीच असते, त्यामुळे वाहनांच्या रांगेतून आणि अरुंद गल्लीतून वाट काढता येते. पुढे पेटी असलेली सायकल अडीच मीटरच्या आसपास लांब असते. ती वळवायला आणि उभी करायला जास्त जागा लागते.

परवाना आणि नोंदणी लागते का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची ३० मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी असेल, तर बॅटरीवर चालणारी दुचाकी ‘मोटार वाहन’ मानली जात नाही. पॅडल मारताना मदत करणाऱ्या सायकलसाठी आणखी एक अट आहे. वेग २५ किमीकडे जाईल तसे मोटरचे बळ कमी होत जाऊन शेवटी बंद झाले पाहिजे. चालकाने पॅडल मारणे थांबवले तर ते त्याआधीच बंद झाले पाहिजे.

या अटींत बसणाऱ्या सायकलला आरटीओ नोंदणी, वाहन परवाना किंवा विमा सक्तीचा नाही. मात्र विक्रेत्याने ‘परवाना लागत नाही’ असे सांगणे पुरेसे नाही. त्या मॉडेलला पुण्यातील एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे आणि त्याची प्रत मागून घ्यावी.

‘३० मिनिटांची शक्ती’ म्हणजे मोटर जास्त न तापता सलग अर्धा तास देऊ शकेल ती शक्ती. काही क्षणांसाठी मोटर यापेक्षा जास्त जोर देऊ शकते. म्हणून २५० वॉटच्या दोन सायकली चढावर वेगवेगळ्या वागू शकतात.

२५० वॉटमध्ये किती ओझे ओढले जाते?

सायकल ४० किलो, चालक ६५ किलो आणि सामान ७५ किलो, असे एकूण १८० किलो वजन धरू. सपाट, डांबरी रस्त्यावर ताशी २० किमी वेग राखण्यासाठी साधारण १७० वॉट पुरतात. म्हणजे सपाटीवर मोटरला हे काम जड नाही.

खरी परीक्षा चढावर होते. १०० मीटर अंतरात ५ मीटर उंची गाठणाऱ्या चढावर मोटरचे २५० आणि चालकाचे ७५ वॉट मिळूनही वेग ताशी ११ किमीच्या आसपास राहतो. चढ ८ मीटरचा असेल तर तो ७ किमीपर्यंत खाली येतो. त्यामुळे पुण्यातल्या पेठा किंवा मुंबईत दादर-माटुंग्यासारख्या सपाट भागात उत्तम चालणारी सायकल चांदणी चौकाच्या किंवा मलबार हिलच्या चढावर रखडू शकते.

इथे मोटर कुठे बसवली आहे, याला महत्त्व येते. चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या हब मोटरची रचना सोपी असते. तिची दुरुस्ती तुलनेने सहज होते आणि साखळीवर ताण येत नाही. पण चढावर चाक हळू फिरू लागले की तिची कार्यक्षमता घसरते आणि बॅटरीतली बरीच ऊर्जा उष्णता बनून वाया जाते. पॅडलच्या आसाजवळ बसवलेली मोटर सायकलच्या गिअरचा फायदा घेते, त्यामुळे चढावर ती सरस ठरते. मात्र तिची किंमत जास्त असते आणि साखळी व गिअर लवकर झिजतात. रोजच्या मार्गावर मोठा चढ नसेल तर हब मोटर पुरेशी आहे. चढ असेल तर चाचणी फेरी पूर्ण भार लादून त्याच चढावर घ्यावी. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर मारलेल्या रिकाम्या फेरीतून काहीच कळत नाही.

एका चार्जमध्ये खरोखर किती अंतर?

३६ व्होल्ट, १४ अँपिअर-अवर बॅटरीत सुमारे ५०० वॉट-अवर ऊर्जा साठते. वरच्याच १८० किलो भारासह सपाट रस्त्यावर, केवळ मोटरवर आणि न थांबता गेल्यास किलोमीटरमागे सुमारे ११ वॉट-अवर खर्च होतात. म्हणजे जवळपास ४५ किमी अंतर मिळते.

शहरात मात्र न थांबता जाता येत नाही. सिग्नल, गतिरोधक, खड्डे आणि मध्येच वळणारी रिक्षा यामुळे पुन्हा पुन्हा थांबावे लागते आणि थांबल्यावर १८० किलो वजनाला नव्याने वेग द्यावा लागतो. किलोमीटरमागे चार वेळा थांबल्यास खर्च १५ वॉट-अवरपर्यंत जातो आणि अंतर ३३ किमीवर येते. चालकाने नियमित पॅडल मारले तर ते वाढते, चढ आणि चाकातली कमी हवा ते घटवते. म्हणून जाहिरातीतला आकडा कोणत्या वजनाला मोजला आहे, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

ब्रेक आणि सांगाडा इतके महत्त्वाचे का?

साध्या सायकलवरून ताशी १५ किमी वेगाने जाणाऱ्या माणसाला थांबवताना ब्रेकला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या जवळपास सहापट ऊर्जा १८० किलोची सायकल २५ किमी वेगात असताना जिरवावी लागते. साध्या सायकलचे रबरी ब्रेक यासाठी बनवलेले नसतात आणि पावसाळ्यात रिम ओली झाली की ते आणखी कमकुवत होतात. मालवाहू सायकलला दोन्ही चाकांवर डिस्क ब्रेक असणे गरजेचे आहे. तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक अधिक चांगले.

सांगाड्याबाबतचा धडा नेदरलँड्समधून मिळतो. तिथल्या ग्राहक सुरक्षा यंत्रणेने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाबू या कंपनीला मालवाहू सायकलींची विक्री थांबवायला लावली. सांगाडे तुटण्याच्या तक्रारी हे त्यामागचे कारण होते. यातल्या अनेक सायकलींवरून पालक लहान मुलांना नेत होते. कंपनीला हजारो सायकली परत मागवाव्या लागल्या. गुळगुळीत रस्ते आणि स्वतंत्र सायकल मार्ग असलेल्या देशात ही स्थिती झाली, तर खड्डे आणि उंच गतिरोधक असलेल्या आपल्या रस्त्यांवर सांगाड्याची तपासणी किती काटेकोर हवी, हे वेगळे सांगायला नको.

यासाठी सायकल, चालक आणि सामान धरून एकूण किती वजन चालते, याचा आकडा लेखी घ्यावा. तैवानच्या टर्न कंपनीच्या ‘जीएसडी’ या प्रसिद्ध मॉडेलसाठी ही मर्यादा सुमारे २०० किलो आहे. विक्रेते अनेकदा केवळ कॅरिअरची क्षमता सांगतात, ते पुरेसे नाही. सांगाड्याच्या जोडांवरचे वेल्डिंग दर महिन्याला पाहावे. रंगाला केसाएवढी चीर दिसली तरी सायकल वापरणे थांबवावे.

ठेवायची कुठे आणि चार्ज कुठे करायची?

अनेकांची खरेदी इथेच फसते. ३०-४० किलोची सायकल जिन्याने वर नेता येत नाही आणि लांब सांगाडा जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही. म्हणजे ती खालीच उभी करावी लागणार. बॅटरी काढून घरी नेता येते का, तिला कुलूप आहे का आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल साखळीने बांधायला पक्की जागा आहे का, हे आधी पाहावे. दोन पायांचा रुंद स्टँडही हवाच. एका पायाच्या स्टँडवर भरलेली सायकल कलंडते.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात धानोरी-लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या ई-स्कूटरने पेट घेतल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेची देशभर चर्चा झाली. सायकलची बॅटरी लहान असली तरी काळजी तीच. चार्जर मूळ कंपनीचाच वापरावा. उन्हातून आल्यावर बॅटरी गार होऊ द्यावी आणि मग चार्जिंगला लावावी. घराच्या दारात, बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्जिंग करू नये. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी थोडी जड असते, पण उष्णतेत अधिक स्थिर राहते.

खर्चाचे गणित काय?

५०० वॉट-अवरची बॅटरी पूर्ण भरायला चार्जरमधली गळती धरून साधारण ०.६ युनिट वीज लागते. युनिटचा दर १० रुपये धरला तरी सहा रुपयांत ३० किमीचा प्रवास होतो. लिटरमागे ४५ किमी जाणाऱ्या स्कूटरला तेवढ्याच अंतरासाठी, पेट्रोल १०० रुपये धरल्यास, सुमारे ६७ रुपये लागतात.

पण विजेचा खर्च हा या हिशेबाचा लहान भाग आहे. मोठा भाग बॅटरीचा. कंपनीने ५०० पूर्ण चार्जची हमी दिली असेल तर ३३ किमीच्या हिशेबाने बॅटरी साडेसोळा हजार किमी चालेल. रोज १० किमी फिरणाऱ्या कुटुंबासाठी ती चार वर्षांहून अधिक पुरते. रोज ६० किमी फिरणाऱ्या डिलिव्हरी कामगाराची तीच बॅटरी वर्षभरात थकते. त्यामुळे नव्या बॅटरीची आजची किंमत आणि ती शहरात मिळते का, हे सायकल घेण्यापूर्वीच विचारावे. डिलिव्हरीसाठी भाड्याने सायकल घेणाऱ्याने बॅटरी बदलण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात वाचून घ्यावे.

वेग वाढवून घेतला तर काय होते?

काही विक्रेते नियंत्रकात बदल करून ‘४०-४५चा वेग मिळेल’ असे सांगतात. असा बदल केला की सूट संपते आणि कायद्याच्या दृष्टीने ती नोंदणी नसलेली मोटार दुचाकी ठरते. मग नोंदणी, परवाना, हेल्मेट आणि विमा या सगळ्या अटी लागू होतात. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने मे २०२२ मध्ये अशा बदल केलेल्या ई-बाइकविरोधात राज्यभर मोहीम घेतली होती.

दंडापेक्षा मोठा धोका अपघाताचा आहे. कोणी जखमी झाले तर विमा नसल्याने भरपाईचा बोजा चालक आणि मालकावर येतो. परवाना नसलेला अठरा-एकोणीस वर्षांचा डिलिव्हरी कामगार ‘सायकलच तर आहे’ या समजुतीत हे ओझे अंगावर घेतो. वेळेत पोहोचवण्याचा दबाव असलेल्या कामात हा बदल कोणी करून दिला, हे नंतर सिद्ध करणेही कठीण जाते.

मग ही सायकल कोणासाठी?

गर्दीच्या शहरात वेगापेक्षा अडकून न पडणे महत्त्वाचे असते. वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात मध्य लंडनमध्ये मालवाहू सायकलींनी केलेले वाटप व्हॅनच्या तुलनेत सुमारे ६० टक्के वेगवान आढळले. पार्किंग शोधण्यात वेळ जात नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण. आपल्या पेठा आणि बाजारपेठांना हे लागू पडू शकते. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला होता, पण सलग आणि मोकळे सायकल मार्ग नसतील तर मालवाहू सायकललाही बस आणि ट्रकसोबतच धावावे लागते.

पाच-सात किलोमीटरच्या परिघात काम करणारे दुकानदार, डबेवाले, लाँड्री किंवा औषध दुकाने, तसेच तळमजल्यावर ठेवायला जागा असलेली कुटुंबे यांच्यासाठी ही सायकल फायद्याची आहे. रोजच्या मार्गात मोठा चढ असेल, उड्डाणपुलांवरून किंवा महामार्गावरून जावे लागत असेल, किंवा दिवसाला एका चार्जपेक्षा जास्त अंतर कापायचे असेल, तर नोंदणीकृत ई-स्कूटर अधिक सुरक्षित. खरेदीला जाताना एकूण वजनमर्यादा, ब्रेक, प्रमाणपत्र, बॅटरीची किंमत आणि पार्किंगची जागा या पाच गोष्टींची उत्तरे हाती असावीत. यातले एकही उत्तर लेखी मिळत नसेल, तर ते मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.