पळणाऱ्याच्या पायात आणि हृदयात काय बदलतं?

भरती जवळ आली की भल्या पहाटे कळंब-येरमाळा रस्त्यावर पोरं-पोरी पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्या सरावामागचं विज्ञान भारी आहे, नक्की वाचा!

🏃 पाय: १९६७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जॉन होलोझी यांनी उंदरांना सुमारे तीन महिने ट्रेडमिलवर पळवलं. पायाच्या स्नायूंत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी एन्झाइम्स जवळपास दुप्पट झाली! पुढे माणसांतही अशीच वाढ दिसली. मग त्याच वेगाला चरबी जास्त जळते, ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) पुरून उरतं आणि लॅक्टेट कमी साचतं.

❤️ हृदय: याचं गणित वेगळं. ते जन्मभर थांबत नाही, म्हणून त्याच्या पेशींचा सुमारे एक तृतीयांश भाग आधीच मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे ही एन्झाइम्स असलेल्या पेशीतल्या ऊर्जाघरांनी, भरलेला असतो. सरावाने तिथे एन्झाइम्सचं प्रमाण फारसं वाढत नाही. हृदयच मोठं होतं, दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं आणि बसल्या जागी नाडी मंद चालते.

🥇 शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२४ मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. त्यामागे अशाच वर्षानुवर्षांच्या मेहनतीने घडलेलं शरीर आहे.

⚠️ सराव सोडला की वाढलेली एन्झाइम्स काही आठवड्यांतच ओसरतात. म्हणून जाहिरात निघायची वाट बघू नका. बोलता येईल इतक्या वेगाने, पण नियमित पळा. सोबत पळणाऱ्या मित्रालाही हे पाठवा.

#कळंब #पोलीसभरती #धावणे