गालास एक न्याय, उरास दुसरा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाची औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत अध्ययन करून परतल्यानंतर मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात तिकडील कृष्णवर्णीय साहित्याविषयी जी चर्चा सुरू झाली, जिला गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने पुढे व्यासपीठ दिले आणि ज्या विषयावर जनार्दन वाघमारे यांनी मराठीत स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला, त्या चर्चेने अमेरिकेतील वर्णभेद हा मराठवाड्यातील वाचकाच्या घरचाच विषय करून टाकला. तो संवाद साहित्याचा आणि स्वाभिमानाचा होता. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच दोन समाजांच्या तुलनेतला असला, तरी सभेत सहसा न उच्चारला जाणारा आहे: कर्करोगामुळे स्तन काढून टाकावा लागल्यानंतर तो पुन्हा घडवून घेण्याची मुभा कोणत्या स्त्रीला मिळते आणि कोणत्या स्त्रीला मिळत नाही.

अमेरिकेने या बाबतीत २१ ऑक्टोबर १९९८ रोजी कायदा केला. ज्या विमा योजनेने स्तन काढण्याचा खर्च सोसला, तिने त्याच्या पुनर्रचनेचा, दुसऱ्या स्तनाशी मेळ साधण्याचा आणि कृत्रिम स्तनाचाही खर्च सोसला पाहिजे, असे त्यात ठरले. पुनर्रचना करून घेणाऱ्या स्त्रियांची संख्या त्यानंतर वाढली. परंतु गोऱ्या आणि काळ्या स्त्रियांतील अंतर मिटले नाही. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन या विख्यात कर्करोग केंद्रातील रुग्णांचा जो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की, कृष्णवर्णीय स्त्रियांना प्लास्टिक सर्जनकडे पाठवण्याचे प्रमाणच कमी होते, पुनर्रचना सुचवण्याचे प्रमाण कमी होते आणि शेवटी ती करून घेण्याचेही प्रमाण कमी होते. भेद असा पायरीपायरीने वाढत गेला होता, आणि त्याची पहिली पायरी पैशाची नव्हे, डॉक्टरांच्या तोंडून निघणाऱ्या, किंबहुना न निघणाऱ्या, वाक्याची होती. न्यूयॉर्क राज्याने २०१० साली वेगळा कायदा करून ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वी देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले, त्याचे कारण हेच.

आता आपल्या दारी यावे. २०१२ साली सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालय आमखास मैदानालगत आहे. दिवाण-इ-आम आणि दिवाण-इ-खास या दरबारी व्यवस्थेची आठवण ज्या नावात शिल्लक आहे त्या मैदानाशेजारी ही संस्था उभी राहावी, यात योजकाचा काही हेतू नसेल. तथापि जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून रात्रीच्या एसटीने आलेल्या बायका हातात फायली धरून सकाळी तेथे बसलेल्या दिसतात, तेव्हा त्या नावाचा पूर्वार्ध कोणासाठी आहे हे कळण्यास इतिहासाची गरज पडत नाही. अमेरिकेत कातडीचा रंग मोजतात, आपल्याकडे शिधापत्रिकेचा. आरंभी पिवळ्या आणि केशरी कार्डावरच मिळणारी जी सरकारी आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आरंभली आणि पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली, तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. तिने असंख्य कुटुंबांना सावकाराच्या दारातून परत आणले, हे निःशंकपणे मान्य केले पाहिजे.

पण अडचण केवळ पैशाची नसते. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. यांतील पुष्कळ स्त्रियांची गाठ हाताला लागून कित्येक महिने लोटलेले असतात. ती दुखत नाही, म्हणून दाखवली जात नाही. आणि दाखवायची कोणाला, तर पुरुष डॉक्टरला. त्यामुळे स्तन राखून केवळ गाठ काढण्याची संधी अनेकींच्या बाबतीत आधीच निघून गेलेली असते. जिची गेलेली नसते तिच्यापुढे दुसरी अडचण उभी राहते. स्तन राखला तर पुढे किरणोपचार बहुधा अपरिहार्य, ज्याला आपल्याकडे ‘लाईट घेणे’ म्हणतात. आणि ते रोज, सलग तीन ते पाच आठवडे घ्यावयाचे. किनवटहून तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून आलेल्या बाईने इतके दिवस कोठे राहावे, घरच्या शेळ्या कोणी सांभाळाव्यात, सोबतच्या माणसाची मजुरी कोणी भरून द्यावी? सबब ‘काढूनच टाका’ हे उत्तर पुष्कळदा तिचे नसून अंतराचे असते.

काढल्यानंतर पुन्हा घडवण्याची कला नवी नाही. पाठीचा रुंद स्नायू कातडीसह काखेखालून पुढे आणून छातीवरील पोकळी भरण्याची पद्धत इटलीच्या इजिनियो तान्सिनी यांनी १९०६ साली प्रसिद्ध केली होती. परंतु स्तन समूळ काढण्याच्या शस्त्रक्रियेचे अमेरिकन प्रवर्तक हाल्स्टेड यांचा अशा आच्छादनास विरोध असल्याने आणि त्यांचा दबदबा मोठा असल्याने ती कित्येक दशके अडगळीत पडली. सिलिकोनची पिशवी १९६२ साली आली, पोटाच्या मेद-मांसापासून स्तन घडवण्याची रीत १९८२ साली. यांतील काही शस्त्रक्रियांना सूक्ष्मदर्शक आणि सहा-आठ तास लागतात; पाठीच्या स्नायूची मात्र त्या मानाने आटोपशीर आहे.

आणि येथेच माझा मुख्य मुद्दा आहे. तंबाखू आणि गुटख्याने ज्याचा गाल कर्करोगाने पोखरला, त्याचा रोगग्रस्त भाग काढल्यावर आपल्याकडील शल्यविशारद काय करतात? छातीवरील मोठा स्नायू, त्याची रक्तवाहिनी न तोडता, वरच्या कातडीसह गळ्याच्या हाडावरून फिरवून गालाच्या जागी बसवतात. १९७९ साली एरियन या अमेरिकन शल्यविशारदाने मांडलेली ही पद्धत भारतातील कर्करोग रुग्णालयांत इतकी रुळली आहे की, तिची नोंद घ्यावी असे कोणास वाटत नाही. तत्त्व तेच: स्नायू उचलावा, त्याचा रक्तपुरवठा जपावा, आणि पोकळी भरावी. म्हणजे कौशल्याचा दुष्काळ आहे, ही सबब पूर्णतः खरी नव्हे. गाल घडवण्याचा विचार त्याच बैठकीत होतो. ऊर घडवण्याचा विषय बहुतेक वेळा निघतच नाही.

यावर उत्तर येईल की गालाविना माणूस जेवू शकत नाही, स्तनाविना स्त्री जगू शकते. उत्तर खरे आहे, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलांची संख्या मोजकी असताना आधी कोणास घ्यावे याचा निवाडाही सोपा नाही. किरणोपचार व्हावयाचे असतील तर सिलिकोनची पिशवी आक्रसून कठीण होण्याचा धोका वाढतो, म्हणून थांबणेच कित्येकदा शहाणपणाचे ठरते. शिवाय जी बाई कापूस वेचून पोट भरते, तिच्या पाठीचा स्नायू हलवणे म्हणजे तिच्या हाताच्या बळातून काही वजा करणे. आधीच काखेतील गाठी काढल्याने हात सुजण्याची भीती तिला असते. हे सर्व ऐकून ‘मला नको’ असे ती म्हणाली, तर तो तिचा निर्णय होय. माझा आक्षेप तिच्या नकाराला नाही. तिच्या वतीने दुसऱ्याने गृहीत धरलेल्या नकाराला आहे. वय झाले, मुले झाली, शेतात राबते, हिला काय करायचे आहे, हा विचार कोणी उघड बोलून दाखवत नाही, म्हणूनच त्याचे खंडनही होत नाही.

मराठवाड्यातील स्त्रीच्या देहाविषयी असे परस्पर ठरवण्याची रीत जुनी आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली, तेव्हा पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. अनेकींना कर्करोगाचेच भय घालण्यात आले होते. अवयव काढण्याचा सल्ला जिच्या दारापर्यंत चालत येतो, तिला तो परत घडवण्याचा सल्ला मात्र प्लास्टिक सर्जनचे नाव स्वतः हुडकून काढल्याशिवाय मिळत नाही.

तोवर बाई आपली व्यवस्था आपणच करते. जुन्या लुगड्याची घडी चोळीत बसवते, पदर डाव्या-उजव्या अंगाने जसा लागेल तसा ओढते, लग्नकार्यात मागच्या रांगेत बसते. अलीकडे मुंबईतील काही स्वयंसेवी स्त्रिया हाताने विणलेले हलके स्तन रुग्णांना विनामूल्य देतात. तेवढी तरी सोय जिल्ह्याच्या गावी का पोहोचू नये?

कर्करोग शल्यविभागांच्या प्रमुखांना आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याला माझी विनंती अगदी लहान आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात, जेथे रुग्णाची सही अथवा अंगठा घेतला जातो त्याच्या वर, मराठीत एक रकाना वाढवावा: ‘स्तनपुनर्रचनेची माहिती रुग्णास समजेल अशा भाषेत दिली. रुग्णाचा निर्णय: हवी / नको / नंतर सांगेन.’ आणि तो रिकामा असेल तर बाईला शस्त्रक्रियागृहात नेऊ नये.