शनिवारचा ताळा

केंद्र सरकारने आपल्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा बहाल केला तो जून १९८५ मध्ये. महाराष्ट्र शासनाने तोच प्रसाद आपल्या नोकरवर्गाच्या हातावर ठेवला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. आणि या दोहोंच्या दरम्यान, १ सप्टेंबर २०१५ रोजी, बँकांतील मंडळींच्या पदरात दुसरा आणि चौथा असे दोन शनिवार पडले, तेव्हा मी निवृत्तिवेतन घेऊन घरी बसलो होतो. हा तपशील आरंभीच नोंदवून ठेवतो. कारण पुढील मजकुरात वाचकांस जो कडवटपणा आढळेल त्याचे बरेचसे मूळ या तीन तारखांत आहे.

उरलेले मूळ यंदाच्या दिवाळीत आहे. माझ्या पुतण्याच्या मुलाचे लग्न गेल्या वैशाखात झाले. नवदांपत्याची पहिली दिवाळी म्हणून भाऊबीजेचे निमंत्रण आम्हां म्हाताऱ्यांनाही आले, आणि त्यात असे कळविले होते की समारंभ मुळशीच्या बाजूस दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या बंगल्यात होईल. ती जागा सकाळी अकरा वाजता रिकामी करून द्यावयाची असल्यामुळे ओवाळणे नऊ वाजता उरकण्यात येईल. आणि किती माणसे येणार हे आठवडाभर आधी कळवावे. यम यमुनेकडे जेवावयास गेला तेव्हा तिने त्यास मुक्काम हलविण्याची वेळ कळविल्याचे पुराणात कोठे आढळत नाही. आम्ही गेलो, ओवाळणी झाली, फराळ उत्तम होता, आणि मुलेही गुणी आहेत. परंतु आपल्याच घरच्या कार्यात आपण मोजून बोलाविलेले पाहुणे आहोत ही जाणीव मला त्या दिवशी झाली, आणि परतीच्या वाटेवर मन नकळत मागे, १९७१ सालाकडे गेले.

त्याच्या आधीच्या वर्षांविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. साठच्या दशकात आमच्या घरी सण होत आणि लग्नेही होत, पण त्यांत जोडपे असे कोठे दिसत नसे. असे ते वडील माणसांचे सोहळे, आणि आम्ही पाट मांडणारी, पाणी वाढणारी पोरे. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच सुमारास मी पुण्यातील एका शाखेत कारकून म्हणून रुजू झालो, आणि दोन वर्षांनी गिरगावातील एका चाळीतून माझी पत्नी सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात आली. वाट्याला दोन खोल्या आणि एक अंधारे माजघर. राहणारी माणसे सात. त्या काळी एकांत ही वस्तू रॉकेल आणि साखर यांच्याप्रमाणेच नियंत्रित वाटपात होती, आणि तिचे शिधापत्रक वडीलधाऱ्यांच्या हाती असे.

लग्नानंतरचे पहिले वर्ष म्हणजे नवविवाहितेच्या नावे काढलेल्या फर्मानांची एक मालिकाच. श्रावणात मंगळागौर: पत्री गोळा करा, वशेळ्या बोलवा, पूजा आटोपून मुक्याने जेवा आणि मग रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा, घागरी. आश्विनात दिवाळसण: सासुरवाडीला जाऊन उटणे लावून घ्या आणि परत आल्यावर थोरल्या काकांच्या चष्म्याखाली बोटातील अंगठीचे वजन करू द्या. पौषात संक्रांत: काळी चंद्रकळा, हलव्याचा हार, हलव्याच्या बांगड्या. अधिक महिना आला की जावयास तेहतीस अनारशांचे वाण. दिवस गेले की डोहाळजेवण, मग बारसे, मग बोरन्हाण. थोरले काका आता हयात नाहीत, तरी एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही की माझ्या सासऱ्यांनी काटकसरीतून केलेल्या त्या अंगठीस त्यांनी जे ‘नाजूक’ हे विशेषण लावले, त्याचा अर्थ तेव्हा मला आणि माझ्या पत्नीला, दोघांनाही, पुरता समजला होता.

या सर्व सोहळ्यांत जोडप्याचे स्थान चमत्कारिक असे. सोहळा त्यांच्या नावाने, राबणेही त्यांचेच, आणि मालकी मात्र घराची. तथापि याच व्यवस्थेच्या पोटात आमचे सारे प्रवास दडलेले असत, ही गोष्ट त्या काळाचे गोडवे गाणारे आणि त्याला शिव्या देणारे असे दोन्ही पक्ष सारखेच विसरतात. नवराबायकोने नुसते फिरावयास म्हणून पुण्याबाहेर जाणे हे कारण घरच्या दरबारी मंजूर होत नसे. परंतु मुंबईस कोणाचे बारसे आहे, पेणच्या मावशीकडे केळवण आहे, एकवीरेचा नवस फेडावयाचा राहिला आहे, असा अर्ज केला की तो बिनतक्रार मंजूर होई. एकवीरेचे दर्शन मग तासाभरात होई आणि उरलेला दिवस कार्ल्याच्या चैत्यगृहात, त्या लाकडी कमानींच्या छताखाली, आम्ही काढीत असू. देवीचा नवस आम्ही इतक्या वेळा फेडला की तो मुळात कोणी आणि कशासाठी केला होता, याची चौकशी आईने कधी केली नाही, हे मी तिचे औदार्य समजतो.

हे सारे जमवावयाचे ते शनिवार दुपार ते रविवार रात्र एवढ्या अवधीत. बँकेचे दार शनिवारी लोकांसाठी बारा वाजता बंद होई, आणि इतरांस वाटे की आमची अर्ध्या दिवसाची सुट्टी तेथून सुरू झाली. प्रत्यक्षात तेथून ताळा सुरू होई. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसल्यावाचून कोणासही उठता येत नसे, आणि तो मेळ आठवडाभर मुकाट्याने बसून नेमका शनिवारी बसावयाचे नाकारी. तफावत रुपयांची असती तर निदान शोधणाऱ्यास उत्साह वाटला असता. ती असे काही पैशांची. आमच्या शाखेतील एका वरिष्ठांना, ज्यांना घरी जाण्याची बहुधा कधीच निकड नसे, तरुण कारकुनाच्या टेबलाखाली प्रवासाची पिशवी दिसली की सगळ्या बेरजा पुन्हा एकदा पडताळून पाहण्याची स्फूर्ती होई. पुणे स्थानकावर पत्नी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी आहे, दुपारची गाडी फलाटास लागली आहे, आणि आपण तांबड्या शाईने एकाखाली एक आकडे मांडीत आहोत, हे माझ्या तारुण्याचे स्थायी चित्र होय. जून आणि डिसेंबर अखेरीस तर सहामाही हिशेबबंदी. म्हणजे नाताळच्या दिवसांत जग सहलीस निघे तेव्हा आम्ही व्याज आकारीत बसलेले.

या परिस्थितीत माथेरान घडले, ते १९७३ च्या हिवाळ्यात. आम्ही दोघांनीच जावे असा मूळ मसुदा होता. तो घरात मांडताच आत्याने आपणही नेरळची छोटी गाडी पाहिली नसल्याचे जाहीर केले. आत्या निघाल्यावर तिच्या सोबतीस धाकटा भाऊ आला. भाऊ आला म्हणून चुलत बहिणी आल्या. कर्जतला उतरून बटाटेवडे, तेथून लोकलने नेरळ, आणि नेरळहून अडीच फुटांहूनही अरुंद रुळांवरची ती गाडी. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने आणि चिकाटीने हा मार्ग १९०७ साली पुरा झाला. सुमारे २१ किलोमीटरांची चढण ती गाडी इतक्या सावकाश चढे की भाऊ वळणावर उतरून करवंदीच्या जाळ्या हुडके आणि पुढच्या वळणावर पुन्हा चढे. वाटेत एक बोगदा लागतो. त्याची लांबी जेमतेम एका चुंबनापुरती आहे अशी ख्याती असून त्याचे इंग्रजी नावही तेच आहे. त्या बोगद्यात आम्हां दोघांच्या मध्ये आत्या बसली होती, आणि अंधार होताच तिने भुतांना भिऊन दोघांचेही हात घट्ट धरले.

तरीही त्या दोन दिवसांची बरोबरी करील असे पुढे काही घडले नाही. १८५० साली ठाण्याचा जिल्हाधिकारी मॅलेट याने तो डोंगर गोऱ्यांच्या विश्रांतीसाठी हेरला, आणि मोटारींना तेथे मज्जाव असल्याने आवाज काय तो घोड्यांच्या टापांचा. पायांना तांबडी माती, हवेत गारवा, शार्लट तलावाच्या काठी आत्याने उघडलेला दशम्यांचा डबा. भावाजवळ मागून आणलेला आग्फा क्लिक थ्री होता आणि त्याच्या गुंडाळीत बारा छायाचित्रे. बारा म्हटल्यावर प्रत्येकाचा हिशेब: आत्याचे घोड्याबरोबर एक, बहिणींचे दोन, माकडांचे एक वाया गेलेले, आणि आमचे दोघांचे एकच, तेही भावाने सूर्यासमोर उभे करून काढलेले, ज्यात दोन काळ्या आकृती आणि मागे दरी एवढेच दिसते. पहाटे पॅनोरामा पॉइंटवर आत्या थंडीमुळे आली नाही. ती थंडीमुळेच आली नाही असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. परंतु आत्या स्वतः एकविसाव्या वर्षी विधवा झाली होती, आणि तिला काय समजत होते व काय नव्हते याविषयी मी आता काही ठामपणे बोलत नाही.

मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला, आणि मेहुणीच्या लग्नास आम्ही एस्टीने, बोरघाटात तासन्तास खोळंबत, कडेवर सहा महिन्यांचे मूल घेऊन गेलो. पुढच्या वर्षी आणीबाणी आली. त्या काळी गाड्या वेळेवर धावत असे सांगणारे लोक आजही लग्नकार्यांत भेटतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की गाडी वेळेवर सुटली आणि ताळा वेळेवर लागला नाही, तर गाडी चुकते. १९७८ साली पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली आणि एकवीरेचा नवस आणखी सोपा झाला. चिक्कीचा पुडा, भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारे पाणी, आणि आसपास आमच्यासारखीच दोन-चार कुटुंबे. हे धरण पूर्वी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी बांधलेले. त्याच्यावर पुढे जत्रा भरेल असे तेव्हा कोणास वाटले असते तर नवल.

येथे पत्नीचा आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. ती हा सगळा मागोवा पुरुषाच्या पानावरून लिहिलेला आहे असे म्हणते. पंगतीस वाढलेले पुरण मला आठवते. तिला आठवतो तो वातीच्या स्टोव्हचा धूर, रॉकेलच्या रांगेत मोडलेली सकाळ, गॅसच्या नोंदणीची वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, आणि स्वतःच्याच मंगळागौरीच्या रात्री पहिल्या दोन फुगड्यांनंतर दूध नासेल म्हणून स्वयंपाकघरात परत जावे लागणे. माथेरानच्या दशम्या आत्याने उघडल्या हे खरे, परंतु आदल्या रात्री त्या कोणी भाजल्या, हा प्रश्न ती अजून विचारते.

१९८१ मध्ये वडील गेले आणि वाड्याच्या मालकाने वाडा विकासकाच्या हवाली केला. त्यापुढील वीस वर्षे मी आनंदाने गाळतो: मुलांच्या परीक्षा, रविवारचा दूरचित्रवाणीवरील चित्रपट, ज्याने पंगतींची वेळसुद्धा आपल्या सोयीने बदलून घेतली, आणि बढतीनिमित्त बदल्या. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि सांगणाऱ्यांनी सांगितले की आता लोणावळा हाकेच्या अंतरावर आले. आले खरेच. पावसाळ्यातील शनिवारी खंडाळ्याच्या चढावर मोटारींची जी रांग लागते, तीत लोक हाकेच्या अंतरावरच असतात, फक्त पुढे सरकत नाहीत. १८३० साली बांधलेला, ‘अमृतांजन’च्या पाटीमुळे त्याच नावाने ओळखला जाणारा पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस पडलेले असताना, सुरुंग लावून पाडला, त्याच्या निरोपास त्यामुळे कोणासच जाता आले नाही.

माझी तक्रार गर्दीविषयी नाही, खर्चाविषयीही नाही. तरुणांनी आपल्या पैशाने जावे, आणि दोघांनीच जावे, त्यांच्या मध्ये आत्या बसू नये, हे मला मान्य आहे. तक्रार आहे ती आगंतुकाच्या हक्काविषयी. आमच्या वाड्यातील बारशाला जे येत त्यांतील अर्ध्यांना निमंत्रण नसे आणि उरलेल्या अर्ध्यांना ते लागत नसे. घराचा शनिवार-रविवारावर जो जुलमी हक्क होता, त्याच्याच पोटी घरातील प्रत्येकाचा सोहळ्यावर हक्क येत असे. दोन सलग दिवसांची मालकी जोडप्याकडे गेली, हे न्याय्यच झाले; परंतु त्याबरोबर सोहळ्याचे खातेही त्यांच्या एकट्याच्या नावे चढले. तारुण्यात आमचा वेळ वडिलांच्या मर्जीने खर्ची पडला आणि वार्धक्यात आमची हजेरी मुलांच्या सवडीने लागते. मधल्या काळात तो आमच्या हाती यावयाचा होता, तेव्हा बँकेला ताळा लागत नव्हता.

एक बाब मात्र मला अद्याप कोणत्या बाजूस लिहावी हे कळलेले नाही. हल्ली मंगळागौरीचे खेळ सादर करणारी महिला मंडळे निघाली आहेत. नऊवारी नेसलेल्या दहा-बारा जणी मानधन घेऊन येतात, आणि यजमानीण बाई झोपाळ्यावर बसून पाहतात. हे प्रथम ऐकले तेव्हा मी दोन दिवस संतापाने बोलत होतो. त्यानंतर कोथरूडच्या एका मंडळास जुनी गाणी तोंडपाठ असलेली बाई हवी होती, आणि माझी पत्नी, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांना गाणी सांगावयास जाऊ लागली. आधी स्वयंपाक न करता खेळावयास मिळते, असे ती म्हणते. श्रावणातील मंगळवार यजमानांना सोयीचे नसल्यामुळे बरेचसे कार्यक्रम आता शनिवारीच होतात. येत्या श्रावणात तिला लोणावळ्याच्या एका विश्रामधामातील निमंत्रण आहे. गाडी मंडळाची, भोजन यजमानांचे, आणि सुपे, लाटणी व घागर यांचे गाठोडे सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कार्यक्रमानंतर मानधनाची वाटणी होते तेव्हा हिशेब कोणी तरी लिहावा लागतो, तोही मीच लिहीन, असे मंडळाने परस्पर ठरविले आहे.