गाड्या सहा साच्यांच्या, वेग एकच

शंकरपटाला गेलेला माणूस आधी जोडी पाहतो. बैल कोणते, कुणाच्या गोठ्यातले, धुरकरी कोण, हीच चर्चा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह उठली आणि विदर्भात पट पुन्हा रंगू लागले. आता अशा पटाची कल्पना करा, जिथे बैलजोडी सगळ्यांची तंतोतंत सारखी आणि फरक फक्त छकड्याच्या बांधणीत. ‘रॉकेट लीग’ हा व्हिडिओ गेम नेमका तसा आहे. यवतमाळ, पुसद, वणीच्या घरांत दिवाळीच्या सुट्टीत मुलं गाड्यांचे खेळ खेळत असतील, तर त्यांच्या पालकांनीही हा खेळ समजून घ्यावा.

अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या सायोनिक्स कंपनीने तो जुलै २०१५ मध्ये आणला. गाड्यांनी खेळायचा फुटबॉलच म्हणा. सामना पाच मिनिटांचा, चेंडू गाडीहून मोठा. गाडी उडी मारते, हवेत कोलांटी घेते, बूस्ट पेटवून उडतेसुद्धा. सप्टेंबर २०२० पासून हा खेळ मोफत आहे. फोनसाठी ‘साइडस्वाइप’ नावाचं छोटं रूप २०२१ च्या अखेरीस आलं. पुढचे आकडे मात्र मूळ खेळाचे आहेत.

इंजिन नव्हे, आकार

१९९७ साली आलेल्या ‘ग्रॅन तुरिस्मो’सारख्या शर्यतींच्या खेळात गाडीचं वजन, टायर, पुढच्या चाकांना ताकद मिळते की मागच्या, यावर वळण ठरतं. रॉकेट लीगमध्ये हे काहीच नाही. प्रत्येक गाडीचं वजन सारखं, वेग पकडण्याची ताकद सारखी, कमाल वेगही सारखाच : सेकंदाला २३०० एकक. एक एकक म्हणजे एक सेंटीमीटर धरला, तर हा वेग ताशी सुमारे ८३ किलोमीटर होतो. भरलेला बूस्ट कुठल्याही गाडीत तीनच सेकंद पुरतो.

मग फरक येतो कुठून? हिटबॉक्समधून. पडद्यावर दिसते ती गाडीची नक्षी. चेंडूला लागतो तो तिच्याभोवतीचा अदृश्य आयताकृती ठोकळा. २०१७ मध्ये कंपनीने सगळ्या गाड्या ठरावीक साच्यांत बसवल्या. आज असे सहा साचे आहेत : ऑक्टेन, डॉमिनस, प्लँक, ब्रेकआउट, हायब्रिड आणि मर्क. ऑक्टेनची लांबी ११८ एकक, उंची ३६. डॉमिनस १२८ लांब, पण ३१ उंच. प्लँक सर्वांत बुटका, २९ एककांचा. ब्रेकआउट सर्वांत लांब, १३१ एककांचा. मर्क सर्वांत उंच, जवळजवळ ४२ एककांचा, आणि रुंदीला सर्वांत कमी. हायब्रिड ऑक्टेन आणि डॉमिनसच्या मधला. वळणातही साच्यागणिक फरक पडतो, पण अगदी थोडा.

हाताला काय जाणवतं

दोन गाड्या एकाच वेळी चेंडूवर आदळतात, तेव्हा उंच ठोकळा चेंडूच्या मध्याच्या जास्त जवळ पोचतो. म्हणून अशा झुंजीत ऑक्टेन भरवशाची वाटते. डॉमिनस आणि प्लँकचं छप्पर लांब आणि सपाट. त्यावर चेंडू तोलून नेणं आणि कोलांटीच्या झटक्याने तो भिरकावणं अनेकांना सोपं जातं. लांब नाक चेंडूपर्यंत थोडं आधी पोचतं, पण गाडी बुटकी असल्याने समोरून आलेला फटका अडवायला उंची कमी पडते. एक मिळालं की दुसरं सुटतं. सर्वगुणसंपन्न साचा यात नाहीच.

फेनेक गाडीचं उदाहरण बोलकं आहे. तिचा साचा ऑक्टेनचाच. तरी अनेक खेळाडू सांगतात की फेनेकचा फटका जास्त नेमका बसतो. तिचं चौकोनी अंग अदृश्य ठोकळ्याशी बरंच जुळतं. चेंडू कुठे लागणार याचा डोळ्यांनी बांधलेला अंदाज त्यामुळे खरा ठरतो. हिशोब संगणक करतो, पण हात डोळ्यांवर विश्वास ठेवून चालतो. नामांकित स्पर्धांत बहुतेक खेळाडू ऑक्टेन किंवा फेनेकच चालवतात, त्यामागे हाही विश्वास आहे.

एकच गाडी धरा

नवशिक्याने ऑक्टेन घ्यावी आणि ती बरेच दिवस बदलू नये. सतत गाडी बदलली की अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो आणि हरण्याचं खापर गाडीवर फोडायची सवय लागते. हात बसल्यावर, आपल्याला चेंडू छपरावर खेळवायला आवडतो असं दिसलं, तर डॉमिनस जरूर चालवून पाहावी.

पालकांसाठी यातली महत्त्वाची गोष्ट पैशाची आहे. खेळाच्या दुकानात गाड्या, रंग, चाकं विकायला असतात. रंगाने आणि चाकांनी रूप बदलतं, बळ वाढत नाही. ऑक्टेन, ब्रेकआउट आणि मर्क तर सुरुवातीलाच फुकट मिळतात. मुलाने नव्या गाडीसाठी पैसे मागितले, तर तिचा हिटबॉक्स कोणत्या साच्याचा, एवढंच त्याला विचारा. उत्तर ‘ऑक्टेन’ असेल, तर त्या साच्याची गाडी त्याच्याकडे आधीच आहे. मग पैसे फक्त शोभेचे, हे त्यालाही पटेल.